देठाच्या बगलेतला दाखला

चांगल्या पोसलेल्या माडाला एका वेळी पाने किती असतात, असे विचारले तर शहरवासी मनुष्य हजारांच्या भाषेत बोलू लागेल. वास्तविक ती तीस-पस्तीसच्या आसपासच भरतात. कोकणात जिचे झाप विणतात ती अखंड झावळी हेच एक पान, आणि ज्यांचे हीर काढून खराटा बांधतात त्या लांबट पात्या त्या पानाच्या पर्णिका होत. पळसाची म्हणीने अजरामर केलेली तीन पानेदेखील शास्त्रदृष्ट्या एकाच पानाची तीन दले आहेत. म्हणीला त्यामुळे काही बाध येत नाही, हा भाग निराळा.

हा भेद म्हणजे पंडिती काथ्याकूट नव्हे. पेशाने अभियंता असलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, तो काय किंवा त्यानंतरचे तसले ग्रंथ काय, झाडाची ओळख पटविताना पान साधे की संयुक्त, आणि संयुक्त असल्यास किती वेळा विभागलेले, याची चौकशी आरंभीच करतात. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, तर त्याच्या गोत्रातल्या बकाण निंबाचे दोनदा. परंतु प्रत्येक पर्णिकेलाच पान समजणाऱ्याच्या दृष्टीस हा फरक पडणार कसा?

याचा निवाडा पात्याच्या आकारावरून होत नाही. तो देठाच्या बगलेत होतो. फांदीवर जेथे पान फुटते तेथे, देठ आणि फांदी यांच्या बेचक्यात, एक कळी असते, मग तिच्यातून पुढे डहाळी निघो अथवा फूल. पर्णिकेच्या बुडाशी मात्र अशी कळी नसते. शेवग्याची एखादी हिरवी टिकली चिमटीत धरून मागे मागे यावे: तिच्या बुडाशी कळी नाही, ती ज्या काडीला लागली तिच्या बुडाशी नाही, आणि ती काडी ज्या दांड्यावर आहे त्याच्या सांध्यावरही नाही. या सांध्यांवर बारीक ग्रंथी दिसतात, त्यांना कळ्या समजून फसू नये. अखेर मुख्य देठ जाड होऊन फांदीला मिळतो तेथे खरी कळी सापडते, आणि एवढा सगळा हातभर पसारा हे एकच पान असल्याची खातरजमा होते. कळी फार लहान असेल तर भिंग घ्यावे, किंवा थोडे जून झालेले पान पाहावे.

एवढ्यावर काम भागले असते, पण आवळा आडवा येतो. त्याची डहाळी हुबेहूब चिंचेच्या पानासारखी दिसते. तिच्या टोकाला वाढता शेंडा नसतो, आणि पानगळीत ती पानांसकट गळूनही पडते, म्हणजे पिसासारख्या संयुक्त पानाची सारी लक्षणे तिने उचललेली असतात. तरीही आवळ्याची पाने साधीच, कारण फुले येतात ती त्या चिमुकल्या पानांच्या बगलेत. ज्यास प्रत्यक्ष पुरावा हवा असेल त्याने पावसाळ्यात परसातली भुईआवळी उपटून तिची डहाळी उलटी करावी: पानांच्या बुडाशी मोहरीहून थोडी मोठी हिरवी फळे ओळीने लोंबताना दिसतात. चिंचेच्या पर्णिकेच्या बुडाशी फळ धरल्याचे कोणी पाहिलेले नाही.

सातवीण आणि काटेसावर यांची गफलतही याच जातीची. सावरीच्या एका लांब देठाच्या टोकावर पाच-सात पर्णिका पंजासारख्या पसरतात. सातविणीची सात-आठ पाने मात्र थेट फांदीच्या एकाच पेरावर वर्तुळाने बसलेली असतात, प्रत्येकाचा आखूड देठ स्वतंत्र, आणि वर्तुळाच्या मधून फांदी खुशाल पुढे वाढत जाते. पपईचे पान कितीही खोल कातरलेले असले तरी चिरा देठापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ते साधे. केळीच्या पानाच्या चिंध्या तर निव्वळ वाऱ्याने केलेल्या.

सर्वांत बिलंदर म्हणावी ती रस्त्यांच्या कडेला सर्रास लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. तिची कोयत्याच्या आकाराची पाने ही वस्तुतः पर्णिका गमावून चपटे झालेले देठ आहेत. रोपवाटिकेतल्या तिच्या अगदी कोवळ्या रोपांना आपल्या बाभळीसारखी दोनदा विभागलेली पाने फुटतात, आणि काही रोपांवर तर अर्धवट चपटा झालेला देठ आणि त्याच्या टोकाला उरलेल्या पर्णिका अशी दोन्ही रूपे एकाच पानात पाहावयास मिळतात.