तलावात पाणी किती?

पावसाळ्यात रेडिओवर धरणांचे पाणी सांगतात. कोयना धरण पुरते भरले म्हणजे सुमारे १०५ टीएमसी. आणि समजा, आपल्या गावच्या तलावाच्या पाटीवर लिहिले आहे, ३० दलघफू. मग चावडीवर कोणी तरी म्हणतोच, "म्हंजे आपला तलाव कोयनेच्या पावपट तरी हाय की! लावा तीनशे एकर ऊस."

थांबा, आबा. बेणे विकत घेण्याआधी जरा शून्ये मोजू.

घनफूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल अशा खड्ड्यात मावेल तेवढे पाणी. सुमारे २८ लिटर. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, एकावर ६ शून्ये. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, एकावर ९ शून्ये. तेव्हा कोयनेचे पाणी झाले १,०५,००,००,००,००० घनफूट! एवढी शून्ये लिहिताना एखादे गळतेच. आणि एक शून्य गळाले, की दहा भागांतले नऊ भाग पाणी कागदावरच आटले.

यावर एक सोपी युक्ती आहे. पाटीवर १० लिहा. त्याच्या डोक्यावर, उजव्या अंगाला, लहानसा ३ काढा. याचा अर्थ दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे १,०००. हे वाचायचे 'दहाचा तिसरा घात'. लहान आकडा सांगतो, एकावर शून्ये किती.

आता तलावाचे पाणी घ्या. ३० दलघफू म्हणजे ३,००,००,०००. पहिल्या अंकापाशी थांबा आणि पुढचे अंक मोजा. सात भरले. म्हणून लिहा, ३ गुणिले दहाचा सातवा घात. कोयनेचे तसेच. पहिल्या एकानंतर दशांशाचे टिंब द्या. पुढे अकरा अंक आहेत. म्हणून १.०५ गुणिले दहाचा अकरावा घात. टिंबाच्या डावीकडे एकच अंक ठेवायचा, आणि तो शून्य नको, एवढा नियम पाळा. मग मोठे कोण, हे पाहायला आधी डोक्यावरचे आकडे बघा. इकडे सात, तिकडे अकरा. कोयनेचे पाणी आपल्या तलावाच्या साडेतीन हजार पट आहे. पावपटीची गोष्टच सोडा.

मग ऊस किती लावावा? एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यात फूटभर पाणी उभे केले तर ४३,५६० घनफूट लागेल. पावसाचा भरवसा धरला नाही, तर उसाला साऱ्या हंगामात सात-एक फूट पाणी हवे. सातने गुणले की ३,०४,९२०. सोयीसाठी ३ गुणिले दहाचा पाचवा घात धरा. तलावाच्या पाण्याला याने भागू. तीनला तीनने भागून एक आला. वरच्या सात दहांतले पाच खालच्या पाचांशी उडाले, राहिले दोन. दहाचा दुसरा घात म्हणजे शंभर.

शंभर एकर! तेही पाण्याचा थेंब वाया गेला नाही तर. उन्हाने पाणी उडते, जमिनीत मुरते, माणसांना आणि गुरांना प्यायला राखावे लागते. माझ्या मते साठ-सत्तर एकरांच्या वर जाऊ नये. तीनशे एकर लावला, तर उन्हाळ्यात ऊस उभ्याने वाळेल आणि बेण्याचे कर्ज तेवढे अंगावर राहील.

ज्वारीचे निराळे. तिला दीड-दोन फूट पाणी पुरते. दोन फूट धरून हाच हिशेब पाटीवर मांडा. उत्तर साडेतीनशे एकरांच्या जवळपास आले पाहिजे.