काटक शरीरातली साखर

साखरेचं दुखणं खात्यापित्या घरचं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांतल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या एखाद्या हडकुळ्या माणसाला सारखी तहान लागू लागली, त्याचं वजन उतरत गेलं, तरी साखर तपासावी असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. इन्शुलिन काय करतं हे पाहिलं, तर ही समजूत टिकत नाही. प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर असते चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम. नागलीच्या एका भाकरीतून त्याच्या कितीतरी पट साखर रक्तात उतरते, तरी निरोगी शरीरात पातळी दोन-तीन तासांत जागेवर येते. साखर वाढल्याची चाहूल लागताच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. त्याच्या इशाऱ्यावर स्नायू साखर आत ओढतात आणि यकृत नवी साखर बनवणं थांबवून आलेली साठवू लागतं. म्हणजे बीटा पेशी हव्यात आणि साखर घेणारे स्नायूही हवेत. दोन्हींची पायाभरणी आईच्या पोटात होते.

याच जव्हारमधल्या वावर-वांगणीच्या कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये महाराष्ट्र हादरला. त्या काळात जगलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या स्वादुपिंडाचा विचार मात्र आपण केला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांत कमतरता होती ती स्नायूंची. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ही गावं आदिवासी पाड्यांची नव्हेत, हे खरं. पण कुपोषित, कृश मधुमेहींत इन्शुलिनच कमी पाझरतं, असं वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनातही दिसलं, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणातून येणाऱ्या या मधुमेहाला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली.

डोंगर चढणाऱ्याला साखर कशी होईल, असं कोणी विचारेल. राबणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही थोडी साखर खेचतो, म्हणून कष्टाचा आधार खरा आहे. पण बीटा पेशींची उणीव तो भरून काढत नाही. आधी भूक मिटवा, साखरेचं नंतर पाहू, हा आक्षेप अधिक वजनाचा. मात्र गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण देणारी २०१५ ची अमृत आहार योजना नीट चालली, तर तिच्या बाळाच्या स्वादुपिंडाचीही ती काळजी असते. आणि आज जो आजारी आहे, त्याला ‘कमी खा, वजन उतरवा’ हा शहरी सल्ला घातकच. इन्शुलिन टोचून वर जेवण चुकलं, तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून मात्रा ठरवण्याआधी डॉक्टरांनी विचारायला हवं, रात्री घरी चूल पेटणार आहे का.