मुंग्यांच्या मागे दडलेलं लग्न

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यात हमखास दोन-चार व्हिडिओ कॅसेटी निघतात. कुणाच्या लग्नाची, कुणाच्या मुंजीची, एखादी शाळेच्या स्नेहसंमेलनाची. मग उत्साहाने जुना व्हीसीआर पुसूनपासून टीव्हीला जोडायचा, आणि पडद्यावर काय? मुंग्याच मुंग्या! "गेली वाटतं कॅसेट," असं म्हणत ती रद्दीत जाते. थांबा बरं! कॅसेटचा निकाल सगळ्यांत शेवटी लावायचा असतो. आधी वायर, मग चॅनेल, मग यंत्र आणि मग कॅसेट.

आमच्याकडे चुलत सासूबाईंच्या लग्नाची १९९१ सालची कॅसेट आहे. आजेसासऱ्यांना चालता-बोलताना पाहायचं तर घरात तेवढी एकच जागा! अशी कॅसेट तपासणीसाठी कधीच घालायची नाही. बिघडलेल्या यंत्रात फीत अडकली, चुरगळली, की तेवढा भाग गेलाच. तपासणीला एखादी जुन्या सिनेमाची, गेली तरी चालेल अशी कॅसेट घ्या. आणि लग्नाच्या कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची छोटी टिकली असेल, तर ती आधी मोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी तीवर दुसरं काही भरलं जात नाही.

आता टीव्ही. आपल्या संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. त्यामुळे गावातच तयार झालेले संच इथे पुष्कळ घरांत आले. म्हैसमाळच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवर अँटेना बांधलेले दिवस तुमच्यापैकी अनेकींना आठवत असतील. ते जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण आता जवळजवळ सगळीकडे बंद झालं आहे. म्हणून जुना टीव्ही लावला की प्रत्येक चॅनेलवर मुंग्या दिसतात आणि आपण त्याला मेला समजतो. उलट, मुंग्या दिसतात आणि खरखर ऐकू येते, याचा अर्थ पडदा आणि आवाज दोन्ही शाबूत आहेत!

फक्त एक ऐका. टीव्हीचं मागचं झाकण घरी उघडू नका. पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. ते काम मेकॅनिकचंच.

व्हीसीआरच्या मागे बहुधा दोन प्रकारची भोकं असतात. पिवळं चित्राचं, पांढरं किंवा लाल आवाजाचं. टीव्हीलाही तशीच असतील तर प्रश्नच मिटला, रंगाला रंग जोडा. पण फार जुन्या संचाला फक्त अँटेनाचं भोक असतं. तिथे व्हीसीआरच्या 'आरएफ आउट'मधून गोल वायर आणायची. टीव्हीला गोल पिनेऐवजी चपट्या वायरचे दोन स्क्रू असतील, तर मध्ये एक छोटी डबी लागते. तिला बलून म्हणतात (फुग्याशी काही संबंध नाही!). गोल वायर ७५ ओहमची, चपटी ३०० ओहमची. डबी न लावता नुसत्या तारा पिळून जोडल्या तर चित्र फिकट येतं, नाहीतर सावल्या पडतात. पिना काळ्या पडल्या असतील तर यंत्र बंद करून कोरड्या फडक्याने पुसा. निम्मी तक्रार कधीकधी एवढ्यावरच संपते.

या वाटेने जोडलेला व्हीसीआर म्हणजे एक छोटं टीव्ही केंद्रच. तो ठरावीक चॅनेलवर चित्र पाठवतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांत ते यूएचएफच्या ३० ते ३९ च्या दरम्यान असतं. टीव्ही तिथे ट्यून केला नाही तर मुंग्या दिसणारच! काही यंत्रांच्या मागे 'टेस्ट' असा छोटा खटका असतो. तो सरकवला की पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. ते स्वच्छ दिसेपर्यंत टीव्ही ट्यून करायचा, कॅसेट घालायचीच नाही. किती सोयीचं, पण कुणी सांगत नाही! तुमच्या टीव्हीला यूएचएफ नसेलच, तर मात्र त्या यंत्राचं चित्र या वाटेने येणार नाही.

पट्टे स्वच्छ आले आणि सिनेमा लावल्यावरच चित्र बिघडलं, तर दोष यंत्रात किंवा फितीत. मी बी.ए.ला भूगोल घेतला होता, विज्ञान नव्हे, पण हे समजायला सोपं आहे. फितीवर चित्र तिरक्या बारीक रेघांत साठवलेलं असतं आणि मिनिटाला १५०० फेरे घेणारा ढोल त्या रेघा वाचतो. वाचणारं हेड रेघेवरून जरा सरकलं की चित्रात आडवा पांढरा पट्टा येतो. तेव्हा 'ट्रॅकिंग'चं बटण हळूहळू फिरवा. दुसऱ्याच्या यंत्रावर भरलेल्या कॅसेटला हे बऱ्याचदा करावं लागतं. सगळा पडदाच मुंग्यांनी भरला आणि आवाज मात्र स्वच्छ आला, तर हेड मळलंय. ते मेकॅनिककडून पुसून घ्या. कानातली कापसाची काडी तिथे घालू नका, कापसाच्या धाग्यात हेड अडकून तुटतं.

चित्राचा वरचा भाग वाकडा होऊन फडफडतो? फितीवरचं चित्र केंद्रावरून येणाऱ्या चित्राइतकं स्थिर नसतं. म्हणून अनेक संचांत एक बटण, बहुधा शेवटचं किंवा 'एव्ही' लिहिलेलं, खास व्हिडिओसाठी असतं. त्याच बटणावर व्हीसीआर ट्यून करून बघा. आणि अमेरिकेतल्या मावशीची कॅसेट रंगहीन दिसत असेल, वरखाली पळत असेल, तर ती बिघडलेली नाही. तिथली पद्धत ५२५ रेघांची, आपली ६२५ ची. तिला मल्टिसिस्टम यंत्र लागतं.

एवढं सगळं जमलं की मगच ट्रंकेतली कॅसेट हातात घ्या. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट यंत्रात घालूच नका, ती हेडही बिघडवते आणि दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे नेऊन परत मागे घ्या, मग लावा. चित्र चांगलं आलं की त्याच आठवड्यात तिची कॉम्प्युटरवर प्रत करून घ्या. दुकानात देणार असाल तर मूळ कॅसेट परत मागा आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. आता चालू यंत्र मिळणं दिवसेंदिवस अवघडच होणार.

आणि पहिल्यांदा लावाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला समोर बसवा, हातात वही-पेन घेऊन. आमच्याकडे मांडवातल्या पंगतीत बसलेल्या निम्म्या माणसांची नावं आता फक्त मोठ्या आत्याबाईंना सांगता येतात.