जुनी आलिशान एसयूव्ही घेताना ‘रिकॉल’ची चौकशी आवश्यक

डहाणू : मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चारोटी आणि तलासरी पट्ट्यात आलिशान एसयूव्ही आता नवलाई राहिलेली नाही. जुनी गाडी नवीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. मात्र व्यवहार ठरविताना इंजिन, टायर व विमा तपासला जातो. कंपनीने सुरक्षिततेसाठी ती गाडी परत बोलावली होती काय, ही चौकशी राहून जाते.

या चौकशीचे महत्त्व मर्सिडीज-बेंझच्या उदाहरणावरून लक्षात येते. २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या एमएल, जीएल व आर-क्लास मालिकेतील जगभरातील सुमारे दहा लाख गाड्या कंपनीने जून २०२२ मध्ये तपासणीसाठी परत बोलावल्या. पायाचा दाब वाढवून ब्रेकपर्यंत पोहोचविणाऱ्या ‘ब्रेक बूस्टर’ला गंज लागण्याचा धोका त्यात होता. रबरी आवरणाखाली ओल साचून पत्रा गंजतो, हवा गळू लागते आणि ब्रेकची ताकद घटते. क्वचित प्रसंगी पेडल व ब्रेक यांचा संबंधच तुटू शकतो. तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नये, असे मालकांना कळविण्यात आले होते.

समुद्राची खारी हवा आणि दीर्घ पावसाळा असलेल्या डहाणूसारख्या भागात गंजाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. पेडल दाबताना फुसफुस आवाज येणे किंवा ते नेहमीपेक्षा कठीण लागणे, ही धोक्याची लक्षणे होत. गंज आवरणाखाली असल्याने वरवरच्या पाहणीत तो दिसत नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांचाच विचार होतो. त्यामुळे त्याहून जुनी गाडी घेणाऱ्याने स्वतःच दक्ष राहावयास हवे.

कंपनीची सूचना नोंदीतील मालकाकडे जाते. नावांतर रखडले असल्यास ती जुन्याच पत्त्यावर पोहोचते. म्हणून आरसी बुकातील चॅसिस क्रमांक अधिकृत सेवा केंद्रात देऊन प्रलंबित रिकॉलची माहिती घ्यावी. अशी दुरुस्ती सहसा विनामूल्य असते व मालक बदलला तरी ती वाहनाला लागू राहते. ही विचारणा बयाणा देण्यापूर्वीच करणे हिताचे.