डोळे मिटण्याआधी

समोर बसलेल्या विद्यार्थ्याशी बोला आणि पुढच्या सत्रात त्याला किती गुण पडतील ते सांगा. अमेरिकेत जेसन डाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना हे काम दिलं होतं. गंमत अशी, की काही मुलाखतींत समोरचा खरी उत्तरं देतच नव्हता. प्रश्नातले शब्द कोणत्या अक्षराने सुरू होतात ते पाहून तो ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत होता. जवळपास नाणं उडवून दिलेली उत्तरं! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुलाखत घेणाऱ्या एकालाही संशय आला नाही. हा माणूस आपल्याला बऱ्यापैकी कळला, असंच त्यांना वाटत राहिलं. आणि कोणाशी चकार शब्द न बोलता ज्यांनी नुसत्या मागच्या गुणांवरून अंदाज बांधला, ते जास्त बरोबर निघाले.

पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत ‘मुलगी कळली’ म्हणणाऱ्यांच्या घरांत वाढलेल्या आपल्याला याचं फार नवल वाटू नये. हाती आलेल्या तुकड्यांची गोष्ट जुळवल्याशिवाय मेंदूला चैन पडत नाही. तुकडे खोटे असले तरी तो ती जुळवतोच.

आता खोली तीच ठेवा, फक्त खुर्चीतली व्यक्ती बदला. ती एखाद्या मोठ्या कंपनीची चीफ प्रॉडक्ट ऑफिसर व्हायला आली आहे. कोणती वस्तू बनवायची, कोणती बनवायची नाही, कशावर शेकडो लोकांची तीन वर्षं खर्च करायची, हे तिने ठरवायचं. आणि तिला निवडायला आपल्याकडे आहेत चार-पाच तास.

ही नोकरी जन्माला आली साबणातून. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकन कंपनीत नील मॅकेल्रॉय नावाच्या तरुणाने वरिष्ठांना तीन पानांचं टिपण पाठवलं. तो ‘कॅमे’ साबणाची जाहिरात सांभाळायचा, आणि कंपनीचाच ‘आयव्हरी’ साबण कॅमेला झाकून टाकत होता. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक ब्रँडला आपला असा माणूस हवा. खप कुठे घटतोय ते त्याने स्वतः जाऊन बघावं, कारण शोधावं, उपाय आखावा आणि त्याची जबाबदारीही घ्यावी. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरची वंशावळ या टिपणापर्यंत नेली जाते. पुढे मॅकेल्रॉय त्या कंपनीचा अध्यक्ष झाला, १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला आणि त्याच्या कारकिर्दीत १९५८ साली ‘आर्पा’ ही संशोधनसंस्था उभी राहिली. इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट तिच्याच पैशातून उभं राहिलं. ज्याने ही नोकरी सुचवली, त्याच्याच हातून त्या नोकरीचं पुढचं मैदानही तयार झालं.

या नोकरीचा माणूस पारखणं इतकं अवघड का? सुताराला फळी देऊन ‘खण करून दाखव’ म्हणता येतं. प्रॉडक्टच्या प्रमुखाचं काम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यात शंभर हात असतात आणि नशीबही असतं. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०११ मध्ये घरपोच डीव्हीडीचा धंदा ‘क्विकस्टर’ या नावाने वेगळा काढायचं जाहीर केलं आणि महिनाभरात ते मागे घेतलं. आधीची दरवाढ आणि हा गोंधळ मिळून त्या तिमाहीत अमेरिकेतले सुमारे ८ लाख वर्गणीदार सोडून गेले. पण डीव्हीडीचे दिवस संपत आलेत, हा त्यामागचा होरा मात्र खरा ठरला. मग हा निर्णय घेणारा माणूस मुलाखतीला आला, तर त्याला आपण पास करायचं की नापास?

दुसरी अडचण आणखी मजेशीर आहे. इंजिनिअर, डिझायनर, विक्रीवाले यांतले बरेच जण या माणसाच्या हाताखाली नसतात. त्यांना हुकूम सोडता येत नाही, पटवूनच द्यावं लागतं. म्हणजे बोलून पटवणं हेच या नोकरीचं हत्यार, आणि मुलाखतीत चालतं तेही तेच. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात. इथे मालक म्हणतो, मला माती विकू शकणाराच हवाय, पण त्याने ती मला विकू नये!

या कोड्यावरचा सुंदर उपाय सापडला तो एका लष्करी छावणीत. १९५५ साली इस्रायलच्या सैन्यात डॅनियल कानमन नावाचा एकवीस वर्षांचा अधिकारी होता. पुढे, २००२ साली, त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नव्या जवानांशी गप्पा मारून ‘हा लढाईत टिकेल का’ हे सांगायची तिथली पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरली होती. कानमनने पारखायचे सहा गुण ठरवले. प्रत्येकासाठी साधे, पडताळता येतील असे प्रश्न काढले: किती नोकऱ्या केल्या, कामावर वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटायचास. एका गुणाचे प्रश्न संपले की एक ते पाचमध्ये आकडा लिहायचा, मगच पुढच्याकडे वळायचं. एकूण माणूस कसा आहे याचा विचारच करायचा नाही.

मुलाखतकार चिडले. आम्हाला यंत्रमानव करताय, अशी त्यांची तक्रार. कानमनने तडजोड केली: सांगितलं तसं सगळं करा, आणि शेवटी डोळे मिटून या मुलाला सैनिक म्हणून मनासमोर आणा, मग एक आकडा द्या. काही महिन्यांनी पडताळा घेतला तेव्हा सहा आकड्यांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा खूपच सरस ठरली. आणि कानमनलाही वाटलं नव्हतं असं घडलं: डोळे मिटून दिलेला आकडाही त्या बेरजेइतकाच खरा निघाला. अंतर्ज्ञान निकामी नव्हतं. त्याला उशिरा बोलवायला हवं होतं, एवढंच.

प्रॉडक्टच्या प्रमुखाला निवडताना हेच करता येतं. ग्राहकाची समज, निवड करण्याची ताकद, आकड्यांची जाण, माणसं घडवणं, मतभेद पेलणं, चूक कबूल करणं असे खण आधी पाडायचे. मग ‘तुमचं व्हिजन काय’ असं विचारण्याऐवजी एकच घडलेली गोष्ट खणायची. तुम्ही बंद केलेलं एखादं फीचर सांगा. बंद करायचं पहिल्यांदा कोण म्हणालं? त्या दिवशी तुमच्यासमोर कोणता आकडा होता? विरोध कोणाचा होता, आणि त्याचं कोणतं म्हणणं तुम्हाला खोडता आलं नाही? ऐकीव गोष्ट तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कोरडी पडते. स्वतः भोगलेल्या गोष्टीला मात्र दर प्रश्नागणिक नवं पाणी लागतं.

या खणण्यात मराठी कानाला एक जादा सोय आहे. ‘आम्ही केलं’ आणि ‘आपण करू’ यांतला फरक आपल्याला उपजत कळतो: एकात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात आत येतो. पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसांत मुलाखत चालते इंग्रजीत, आणि इंग्रजीतला ‘वुई’ हे दोन्ही गिळून टाकतो, वर ‘मी’लाही पोटात घेतो. उमेदवाराच्या प्रत्येक ‘वुई’ला थांबवून ‘म्हणजे नेमकं कोण?’ असं विचारलं, की श्रेय कोणाचं आणि सावली कोणाची, ते हळूहळू वेगळं होऊ लागतं.

शिस्त मुलाखतकारांनाही हवी. पॅनेलमधले साहेब आधी बोलले, की बाकीच्यांच्या माना आपोआप डोलतात. म्हणून चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत लिहून टाकायचं. ॲमेझॉनमध्ये तर मुलाखतकारांत एक ‘बार रेझर’ असतो. तो दुसऱ्या विभागातला, त्यामुळे त्याला जागा भरायची घाई नसते, आणि नकार द्यायचा अधिकार असतो.

एवढं करून किती कळतं? २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांचं संशोधन पुन्हा तपासलं. मुलाखतीतला अंदाज आणि नंतरचं काम यांचा मेळ त्यांनी मोजला. शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे तंतोतंत. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.१९ मिळाले, आखीव मुलाखतीला ०.४२. निवडीच्या तपासलेल्या सगळ्या पद्धतींत हाच आकडा सर्वांत वरचा. दुपटीहून जास्त, तरीही अर्ध्याच्या खाली. माणूस एवढा तरी हाताबाहेर राहतोच.

सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, नोबेल मिळाल्यावर, कानमन त्या जुन्या छावणीत गेले. तिथल्या अधिकारी बाई त्यांना मुलाखतीची पद्धत समजावून सांगू लागल्या. ती फारशी बदललेलीच नव्हती. सगळे टप्पे सांगून झाल्यावर बाई शेवटच्या सूचनेवर आल्या: मग आम्ही मुलाखत घेणाऱ्यांना डोळे मिटायला सांगतो.