गुडघ्यांची झीज व घरचा आहार

अरुणावती नदीकाठच्या आर्णी परिसरात कापूस, तूर, सोयाबीन ही मुख्य पिके होत. पावसाळ्यात उकिडवे बसून निंदण करणे, पुढे ओणवे राहून कापूस वेचणे व वेचलेल्या कापसाचे ओझे काळ्या जमिनीतून वाहून नेणे, ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या वाट्यास येतात. पन्नाशीच्या सुमारास त्यांपैकी अनेकींचे गुडघे उठता-बसता दुखू लागतात. अशा वेळी पुष्कळ घरांत दोन गोष्टी घडतात. तुरीचे वरण व दही वातूळ म्हणून बंद होते आणि बाजारातून गोळ्या किंवा चूर्ण आणले जाते. या दोहोंपासून लाभ थोडा व हानी अधिक होण्याचा संभव असतो.

रोगाचे स्वरूप

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वाढते वय, शरीराचे अधिक वजन, जुनी दुखापत व वर्षानुवर्षे उकिडवे बसणे यांमुळे ते झिजते. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने तिची भरपाई होणे कठीण असते. झिजलेली कूर्चा पूर्ववत करील असे अन्न वा औषध अद्याप उपलब्ध नाही. परंतु वेदना कमी करणे व झीज मंदावणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

स्थूल व्यक्तीने प्रथम वजन कमी करावे. वजन १ किलोने घटल्यास चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने हलका होतो, असे अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. याकरिता साखर, तळलेले पदार्थ व गोड चहा कमी करावा. भाकरी थोडी घटवून पालेभाजी वाढवावी. वरण मात्र कमी करू नये.

वरण का सोडू नये

गुडघ्याचा खरा आधार म्हणजे मांडीचे स्नायू होत. ते सशक्त राहण्यास प्रथिने लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४२ ग्रॅम.

तिच्या दिवसभराच्या जेवणाचा हिशेब असा मांडता येईल :

ज्वारीचे पीठ ३०० ग्रॅम – प्रथिने सुमारे ३० ग्रॅम
तूर डाळ ५० ग्रॅम – सुमारे ११ ग्रॅम
दही किंवा दूध १५० ग्रॅम – सुमारे ५ ग्रॅम

एकूण ४६ ग्रॅम होतात व गरज भागते. वरण व दही बंद केले की ३० ग्रॅमच उरतात. शिवाय ज्वारीत लायसीन हे प्रथिनांचे घटकद्रव्य कमी असते. ती उणीव डाळच भरून काढते. तात्पर्य, पथ्य म्हणून वरण सोडणारी स्त्री गुडघ्याचा आधारच काढून घेते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

सोयाबीन घरचेच असल्यास ते पाण्यात २० मिनिटे उकळून, वाळवून, एक भाग सोयाबीन व नऊ भाग ज्वारी किंवा गहू असे दळावे. कच्चे सोयाबीन खाऊ नये, कारण त्यातील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. हाडांकरिता दूध, तीळ व नाचणी यांतून कॅल्शियम मिळते. भाजलेल्या जवसाची चटणी हेही उत्तम अन्न होय. मात्र तिला गुडघ्याचे औषध समजू नये.

गोळ्या व चूर्णे

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारे ग्लुकोसामाइन व प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळणारे कॉन्ड्रॉइटिन पुष्कळ खपते. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकंदर रुग्णांचा विचार करता, या द्रव्यांचा गुण औषधविरहित गोळीहून निश्चितपणे अधिक आढळला नाही. हळदीच्या अर्काने काहींच्या वेदना कमी होतात. परंतु स्वयंपाकातील हळदीत कुरकुमिन थोडेच असते. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी असा अर्क डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

नाव वा घटक न लिहिलेली पुडी सर्वांत धोक्याची. एका-दोन दिवसांत दुखणे पार नाहीसे झाले, तर तीत स्टेरॉइड मिसळले असण्याचा संशय घ्यावा. त्याने साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असल्यास ती एकाएकी थांबवू नये. पुडीसह त्वरित डॉक्टरांकडे जावे.

इतर काळजी

उंच बैठकीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच सेकंद धरावा व खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ असे करावे. निंदणास शक्य तेथे उभ्याने चालवावयाचे सायकल कोळपे वापरावे. कापसाचे ओझे एकदम न उचलता दोन खेपांत न्यावे.

सांधा लाल व गरम होऊन सुजणे, ताप येणे किंवा सकाळी तासाहून अधिक वेळ सांधे आखडणे, ही निराळ्या रोगांची चिन्हे असू शकतात. तेव्हा विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. चूर्णावर खर्चावयाचे पैसे डाळ व दुधाकडे वळविणे हेच शेतकरी कुटुंबास अधिक हितावह होय.