जोडीनं धावताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर, वर सत्त्याण्णव मीटर, आणि त्याच्याही वर अर्धा मीटर. हा अर्धा मीटर ऐकून लोक हसतात. पण त्याला कारण आहे. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची सुरुवात विंडसरच्या राजवाड्यापासून ठेवली आणि शेवट मैदानात राजघराण्याच्या आसनासमोर. ते अंतर भरलं ४२ किलोमीटर १९५ मीटर. पुढं १९२१ साली तेच जगभर कायम झालं. त्याचं निम्मं केलं की आपला अर्धा मीटर येतो. राजेलोकांच्या सोयीसाठी लांबलेली वाट आज शाळामास्तर, बँकेतले कारकून आणि माझ्यासारखे कवीही धावतात.

पूर्ण मॅरेथॉनपेक्षा ही निम्मी शर्यत आपल्याकडे जास्त रुजली, याचं मला नवल वाटत नाही. तिचा सराव नोकरी सांभाळून होतो. रविवारी धावलेला माणूस सोमवारी कामावर जातो, लंगडत का होईना. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्याच रिओत नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत मॅरेथॉन धावली. ही माणसं जिंकण्यासाठी धावतात आणि एकटी धावतात. मी बोलणार आहे ते दुसऱ्या जातीच्या धावकांबद्दल. शर्यतीच्या मागच्या भागात पाहिलंत तर ते दिसतात. नवरा-बायको, मायलेकी, दीर-भावजय, मामा-भाचा. जोडीनं निघतात आणि जोडीनंच पोचायचं म्हणतात. हे वाटतं तितकं सोपं नसतं.

२०२३ च्या पावसाळ्यात मी आणि माझी मुलगी सातारची शर्यत धावलो. ती सव्वीस वर्षांची, मी छप्पन्न. ती पुण्यात नोकरीला, मी कराडला. तिचा किलोमीटर सपाटीवर सहा मिनिटांत होतो, माझा आठ मिनिटांत. एका किलोमीटरला दोन मिनिटांचा फरक म्हणजे एकवीस किलोमीटरला बेचाळीस मिनिटांचा. जोडीनं धावायचं तर ही बेचाळीस मिनिटं कुणी तरी सोडली पाहिजेत, आणि ती वेगवान माणसालाच सोडावी लागतात. हळू धावणाऱ्यानं वेग वाढवून जमवून घेणं हा उपाय नव्हे. मोठ्या शर्यतींत आयोजकसुद्धा हेच धरून चालतात. वेगाप्रमाणे गट पाडलेले असतात. पुढच्या गटातल्याला मागे येऊन उभं राहता येतं, मागच्याला पुढे घुसता येत नाही.

मग वेग किती ठेवायचा? घड्याळं आली, छातीला बांधायचे पट्टे आले, पण सगळ्यात जुनी आणि फुकट परीक्षा बोलण्याची आहे. धावताना सलग एक-दोन वाक्यं बोलता आली तर वेग बरोबर. दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागला तर जास्त. जोर वाढत गेला की एका टप्प्यानंतर रक्तात आम्लता साचायला लागते, ती घालवण्यासाठी श्वास आपोआप जलद होतो, आणि बोलायला हवा उरत नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ओवी म्हणता येईल इतक्याच जोरानं खुंटा फिरे. दळण पहाटभर चालायचं, दहा मिनिटांत उरकायचं नसे.

एकट्या धावणाऱ्याला ही परीक्षा घेता येत नाही. तो स्वतःशी बोलला तर लोक पाहतात. जोडीदार असला की ती आपोआप होते. आमचा नेम असा होता की मुलीनं दर थोड्या वेळानं काही तरी विचारायचं आणि मी पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. ‘हो’, ‘नाही’ चालायचं नाही.

सरावाला आम्ही सोळा आठवडे घेतले. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपला. महिनाभर शरीर निराळ्या वेळापत्रकात होतं, त्याला पुन्हा रुळायला तीनेक आठवडे दिले आणि मेच्या मध्याला सुरुवात केली. फजरच्या नमाजासाठी उठायची सवय इथं कामी येते. नमाज झाली की बूट घालायचे आणि कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाकडे निघायचं. आठवड्यातून तीन दिवस थोडं धावणं आणि रविवारी एक लांब धाव. मुलगी रविवारी पुण्याहून यायची. आम्ही आगाशिवच्या डोंगराकडे जायचो, कारण सातारच्या शर्यतीत चढ आहे आणि चढाचा सराव चढावरच होतो. अंतर वाढवताना आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर जायचं नाही असा एक ठोकताळा आहे. त्यात शास्त्र किती हा वाद असू शकतो, पण त्यामागचा विचार खरा आहे. फुप्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूबंध आणि हाडं फार सावकाश. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो. दम आहे म्हणून माणूस पळत सुटतो आणि गुडघा किंवा पोटरी मागून हिशेब मागते.

खाण्याचा हिशेब त्याहून सोपा आहे. एक किलो वजन एक किलोमीटर धावत न्यायला साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन सत्तर किलो. म्हणजे एकवीस किलोमीटरला पंधराशेच्या जवळपास. यकृतात आणि स्नायूंत मिळून साखरेचा चारशे ते पाचशे ग्रॅम साठा असतो, त्यातून सोळाशे ते दोन हजार कॅलरी मिळतात. शिवाय चरबी जळते ती वेगळी. म्हणून पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर माणूस जसा एकाएकी रिकामा होतो, तसा अर्ध्या शर्यतीत सहसा होत नाही. पाण्याचंही तसंच. तहान लागेल तेवढं प्यावं. बोस्टनच्या २००२ सालच्या मॅरेथॉननंतर ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं आढळलं. याचं मोठं कारण होतं धावताना प्यालेलं जास्तीचं पाणी. दर टेबलाजवळ थांबून आग्रहानं ग्लास रिचवणं हा आपल्याकडचा पाहुणचार तिथं उपयोगाचा नाही.

मात्र हा हिशेब निरोगी माणसाचा झाला. मला आठ वर्षांपासून मधुमेह होता. धावायला माझ्या डॉक्टरांची परवानगी होती. छातीची तपासणी झाली होती, आणि शर्यतीच्या सकाळची गोळी त्यांनी निम्मी केली होती. तरीही मुलीनं कमरेच्या पट्ट्यात तीन वस्तू ठेवल्या होत्या. साखर तपासायचं छोटं यंत्र, ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं.

सोबत धावणं ही एक विद्या आहे, हे मला अंध धावकांकडे पाहून कळलं. पूर्णपणे अंध धावकाबरोबर एक डोळस वाटाड्या धावतो. दोघांच्या हातात एक आखूड दोरी असते. नियम असा की वाटाड्यानं धावकाला ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटची रेषा धावकानं आधी ओलांडायची. अमेरिकेतल्या डिक होईट यांचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. त्यांचा मुलगा रिक याला जन्मापासून चालता-बोलता येत नव्हतं. १९७७ पासून हे वडील मुलाची चाकाची खुर्ची ढकलत शर्यती धावले, त्यांत तीसहून अधिक वेळा बोस्टनची मॅरेथॉन होती. डिक २०२१ मध्ये गेले, रिक २०२३ मध्ये. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. सोबत्याचं लक्ष स्वतःच्या पायांवर कमी आणि शेजारच्या श्वासावर जास्त असतं.

सातारची शर्यत शहरातून निघते, समर्थ मंदिरावरून पुढं जाते आणि यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते. साधारण साडेदहा किलोमीटरवर वळायचं आणि आल्या वाटेनं परत उतरायचं. त्या दिवसांत घाटात धुकं असतं, कडेनं पाणी वाहत असतं, मागं वळून पाहिलं तर अजिंक्यतारा दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. आमचा करार होता, चढ माझा आणि उतार तिचा. वळणापर्यंत तिनं माझ्या चालीनं यायचं आणि तिथून मोकळं व्हायचं. उतारावर तिला तिच्या वेगानं धावायचं होतं. त्यासाठी तिनं पुण्यात टेकड्या पालथ्या घातल्या होत्या.

चढ चांगला गेला. वळणाजवळ तिनं विचारलं, ‘‘अब्बा, जाऊ मी?’’

मी ‘हो’ म्हणालो.

‘‘पाय कसे आहेत?’’

मी पुन्हा ‘हो’ म्हणालो.

ती म्हणाली, ‘‘नऊ साते किती?’’ मला आठवतं त्याप्रमाणे मी त्यालाही ‘हो’च म्हटलं. तिनं माझा दंड धरला आणि रस्त्याच्या कडेला आणलं. बोट टोचलं. साखर एकसष्ट होती.

सत्तरच्या खाली साखर आली की घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, विचार अडखळतात. आता गंमत पाहा, ही सगळी लक्षणं दमलेल्या धावकात एरवीही असतात. घाम सगळ्यांनाच आलेला, चिडलेले सगळेच. त्यामुळं ज्याची साखर उतरते त्याला स्वतःला ती बहुधा थकवाच वाटते. आणि ज्या मेंदूनं ओळखायचं, त्याचंच इंधन कमी पडलेलं असतं. साठा असून असं का व्हावं? धावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. यकृतानं ती भरून काढायची असते. पण मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतात, आणि इन्सुलिन यकृताचा हात धरून ठेवतं. कोठार भरलेलं आणि किल्ली दुसऱ्याकडे, असा प्रकार. सगळ्याच गोळ्यांनी हे होत नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं क्वचितच होतं. आपली गोळी कोणत्या जातीची आहे हे धावायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवावं.

उपाय पंधरा-पंधराचा. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोजचे तीन चमचे, पोटात घालायचे, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. कमीच असेल तर पुन्हा तेच. जवळच मदत केंद्र होतं, तिथले डॉक्टर आले. पंधरा मिनिटांनी चौऱ्याऐंशी झाली. मग बिस्किटं खाल्ली. आणखी पंधरा मिनिटांनी एकशे बारा. तोवर डोकं स्वच्छ झालं होतं आणि मला करार आठवला. मी मुलीला म्हटलं, डॉक्टर आहेत, तू जा. डॉक्टरही म्हणाले, ताई, तुम्ही जा. ती म्हणाली, ‘‘मैं नै जाती.’’ आणि माझ्या शेजारी ओल्या कठड्यावर बसून राहिली.

यावर आमचं अजून एकमत नाही. डॉक्टर हजर असताना दोघांनी थांबण्यात अर्थ नव्हता, असं मला वाटतं. सोबतीची गरज असते ती ओळखण्याच्या क्षणाला, आणि ते काम तिनं केलं होतं. ती म्हणते, हे तुम्ही एकशे बारा साखर असताना बोलता.

डॉक्टरांनी आधी चालायला सांगितलं, मग बरं वाटलं तर हळू धावायला. आम्ही तसे उतरलो. चढ दमवतो, पण दुखवतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो, त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. मंगळवारी मी घराचा जिना कठड्याला धरून पाठमोरा उतरत होतो. आणखी एक गोष्ट, अशा धावेनंतर साखर रात्रीही उतरू शकते, पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं. त्या रात्री दोन वाजता मुलीनं मला उठवून पुन्हा बोट टोचलं. साखर ठीक होती. झोप मात्र गेली.

आमच्या वेळेबद्दल न बोललेलं बरं. पण प्रत्येकाच्या क्रमांकाच्या कागदामागे एक चिप असते, ती सुरुवातीच्या आणि शेवटच्या पट्टीवरची वेळ टिपते. सुरुवातीची पट्टी मुलीनं माझ्याआधी दोन सेकंद ओलांडली होती, शेवटची आम्ही एकदम ओलांडली. त्यामुळं कागदोपत्री मी तिच्यापेक्षा दोन सेकंदांनी वेगवान ठरलो. ते प्रमाणपत्र मी भिंतीला लावलं आहे.

माझ्या डॉक्टरांनी त्यानंतर गोळीच बदलली. पुढच्या खेपेला मुलगी पुढच्या गटातून धावणार आणि मी मागच्या. वाट जायची आणि यायची एकच असल्यामुळं ती उतरताना आणि मी चढताना समोरासमोर येऊ, माझ्या हिशेबानं नवव्या किलोमीटरच्या आसपास. तिथं ती मला थांबवून एक प्रश्न विचारणार आहे. कोणता, ते आधी सांगायला तयार नाही.